रेडकाच्या वाट्याचं दूध

आमच्या घरात बाहेरून खाण्याची कुठलीही वस्तू आली की माझे सासरे आधी विचारायचे, "ह्यात काय काय हाय?" उत्तर मिळेपर्यंत ती वस्तू ताटात यायची नाही. मी त्यांना मामा म्हणायची, आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. आम्ही जैन. कांदा, लसूण, बटाटा घरात येत नसे, दिवस मावळला की चूल बंद, आणि पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले डोळ्यांना न दिसणारे जीवसुद्धा अलगद परत आडात सोडायचे. हे सगळं माझ्या माहेरी शिरोळलाही होतं. पण मामांची चौकशी म्हणजे हद्द होती. कोल्हापुरातल्या हॉटेलात जाऊन "मिसळीत कांदा हाय काय?" असं गंभीर तोंड करून विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हॉटेलवाले त्यांना लांबून बघूनच हात जोडायचे.

त्यांची गुळाची अडत होती. गुळाची मोठी ढेप, म्हणजे रवा, वरून कितीही पिवळीधमक दिसो, आतला गूळ जिभेवर ठेवल्याशिवाय ते तिच्याबद्दल चांगलं-वाईट काही बोलायचे नाहीत. एकदा बोलले की मात्र घेणारा पुन्हा बघायच्या भानगडीत पडत नसे. त्यांच्या शब्दाला तेवढं वजन होतं.

शौक म्हणाल तर त्यांना एकच, दुधाचा. तरुणपणी तालमीत घुमलेला देह होता, चालले की गल्ली भरून जायची. अडत बंद करून दिवस मावळायच्या आत ते दूध-कट्ट्यावर जात. गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असत, गिऱ्हाइकासमोर धार काढत आणि फेसाळलेला पेला हातात देत. मामा खिशातून स्वच्छ फडका काढून ते दूध गाळून घ्यायचे आणि मग प्यायचे. बाकीची गिऱ्हाइकं हसायची. "अवो, फेस तर फडक्यातच ऱ्हायला, मग पिताय तरी काय?" मामा पेला रिकामा करायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "तुमच्या पोटात काय काय जातंय ते तुमाला तरी म्हाईत हाय काय?"

माझा मुलगा पाळण्यात होता त्या वर्षी हातकणंगल्याकडं देवी निघाल्याची बातमी आली. देवी म्हणजे काय हे आता मुलांना समजावून सांगावं लागतं, यासारखं दुसरं सुख नाही. अंगभर फोड, भयंकर ताप, आणि माणूस वाचलंच तर तोंडावर जन्मभराचे खड्डे. डोळे गेलेलीही पुष्कळ असत. माझ्या सासूबाईंच्या, आत्तींच्या तोंडावर तसे वण होते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते बघत होते आणि घरात त्याबद्दल एक अक्षर कुणी काढलेलं ऐकलं नव्हतं.

देवी टोचून घेणं लोकांना नवीन नव्हतं. माझ्या दंडावर लहानपणीचे मोठे वण आहेत. पण या वेळी सरकारकडून टोचायला आलेल्या लोकांकडं सगळंच नवीन होतं. सुई बारीक, टोकाला दुभंगलेली. लस सुकी, कुपीत पूड असायची आणि ती समोर पाण्यात कालवायची. गल्लीनं लगेच कान टवकारले. "आधी आमच्यावर करून बघणार, मग सायबांच्या पोरांस्नी." कुणी म्हणे हात झडतो, कुणी म्हणे मूलबाळ होत नाही. ज्यांना ही बातमी कळली होती त्यांना ती कुठून कळली, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

मामा टोचणाऱ्या बाईंसमोर जाऊन बसले आणि त्यांनी त्या बाईंची गुळासारखीच परीक्षा घेतली. ताप येतो काय? किती येतो? हात सुजतो काय? कुणी दगावतं काय? त्या बाईही खमक्या होत्या. म्हणाल्या, "ताप येणार, हात दुखणार, फोड येणार. फार क्वचित कुणाला जास्त त्रास होतो, होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण देवी आल्यावर जे होतं ते तुम्ही बघितलंय ना?" मामांना हे उत्तर पटलं, कारण त्यात माल खपवायची घाई नव्हती. त्यांनी बाही वर केली. टोचून झाल्यावर चौकात उभं राहून त्यांनी मोठ्यांदा सांगितलं, "माझं झालंय. या की आता!" आणि आमच्या लोकांची बरीच घरं त्यांच्या शब्दावर आली.

एवढं सगळं विचारलं, फक्त जन्मभराचा प्रश्न विचारायचा राहिला. आत काय आहे, हे मामांनी विचारलंच नाही. विचारणार तरी कसे? तो प्रश्न तोंडातून पोटात जाणाऱ्या वस्तूंसाठी होता. कातड्यातून आत जाणाऱ्या वस्तूला आमच्याकडं नियमच नव्हता.

बाळाला त्या दिवशी ताप होता, म्हणून बाई म्हणाल्या, "याचं पुढच्या खेपेला बघू." मला तेव्हा उलट बरंच वाटलं, पोर तेवढंच एक दिवस कमी रडेल.

मागच्या बाजूच्या खोलीत एक भाडेकरू कुटुंब होतं. त्यांची चिमुरडी मुलगी रोज आमच्याकडं यायची, पाळण्याची दोरी धरून बसायची आणि बाळ झोपलं तरी हलवतच राहायची. तिला ताप आला तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नाही. मग एके सकाळी तिच्या आईनं, घरात देवी आल्याची खूण म्हणून, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला. मी आडावर होते. तो डहाळा बघितला आणि हातातली कळशी सुटली. दोनच दिवसांपूर्वी त्या पोरीनं माझ्या बाळाच्या गालाचा मुका घेतला होता.

टोचणारे लोक दुपारीच धावत आले. बाईंनी माझ्या मुलाला बघितलं, ती मुलगी कधी येऊन गेली ते विचारलं आणि म्हणाल्या, "लागण झाली असेल तरी लवकर टोचलं तर बाळ वाचू शकतं. कुप्या संपल्यात. उद्या सकाळी कोपऱ्यावर टेबल लावतो. याला पहिला आणा. उशीर करू नका." मी मान हलवली. मला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते.

त्याच संध्याकाळी माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ आला. तो जनावरांचा डॉक्टर व्हायला शिकत होता, सुट्टीवर आला होता. दिवस मावळायच्या आत पुरुषांची पानं मांडली. मी वाढत होते. मामांनी दंड जरा जपून धरलेला त्याला दिसला आणि त्यानं कौतुकानं विचारलं, "काका, टोचून घेतलं व्हय? झ्याक केलंसा. ही लस कशी करत्यात ते मी बघून आलोय."

"कशी करत्यात?" मामांनी भाकरी मोडता मोडता विचारलं. "काय काय हाय त्यात?"

तो सांगू लागला. त्याच्या अभ्यासातली गोष्ट होती, त्याला त्यात वावगं काही दिसत नव्हतं. म्हशीचं रेडकू घेतात. त्याच्या पोटावरचे केस भादरतात, धुतात, कातडं ओरखडतात आणि त्या ओरखड्यांत देवीचं बी भरतात. काही दिवसांनी तिथं फोड पिकले की ते खरवडून काढतात. ते साफ करतात, वाळवतात आणि कुपीत भरतात.

मी आमटीची पळी हातात घेऊन उभी होते. ती तशीच राहिली. आत्ती चुलीपुढं होत्या, त्यांनी वळून बघितलं.

"आन् रेडकू?" मामांनी विचारलं.

"म्हंजे?"

"फोड खरवडून झाल्यावर रेडकाचं काय करत्यात?"

आता कुठं त्या पोराच्या लक्षात आलं की आपण कुणाच्या घरात बसून काय बोलतोय. तो ताटात बघायला लागला. "त्ये पुढचं आमाला दावलं न्हाय. काय ठिकाणी मारत्यात म्हणं, तपासायला. काय ठिकाणी मालकाला परत देत्यात. हितल्या लशीचं मला म्हाईत न्हाय, काका. खरंच न्हाय."

मामांनी डाव्या हातानं उजवी बाही वर सरकवली. त्यांच्या दंडावरचा फोड चांगला पिकला होता, भोवती लाल कडं धरलं होतं. ते त्याच्याकडं असे बघत राहिले, जणू तो दंड दुसऱ्या कुणाचा आहे. "म्हंजे हे रेडकाच्या अंगावरचं हाय," ते म्हणाले. मग ताटात भाकरी तशीच टाकून उठले. ताटात अन्न टाकून उठणं आमच्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. ते परसात गेले आणि आम्हाला त्यांच्या ओकाऱ्या ऐकू आल्या.

मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालायला शिकलेली मी. त्या भादरलेल्या पोटाचं रेडकू माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आणि त्याच्या शेजारी पाळण्यात माझं बाळ मुठी चोखत होतं.

पहिला माझा नवरा बोलला. "उद्या नको. मुनीमहाराज कुठं हायत ते बघू, त्यांस्नी इचारून ठरवू."

"तोवर देवी दारात थांबतील व्हय?" मी म्हणाले. मामांच्या कानावर जाईल असं मी त्या घरात आजवर कधी बोलले नव्हते. "तुमी सगळी इचारत बसा. मी पोराला घिऊन शिरोळला जातो आन् तितं टोचून आणतो." आमच्याकडं बायकाही 'जातो, येतो'च म्हणतात, आणि रागात तर हमखास. मी खरंच जाऊन पिशवीत दुपटी भरायला लागले.

आत्ती चुलीपासून उठल्या. पदर डोक्यावरून मागं सारला आणि आम्हा सगळ्यांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या तोंडाकडं बघा," त्या म्हणाल्या. "नीट बघा. आमी तिघी बहिणी हुतो. आरशात बघायला मी एकटीच ऱ्हायलो." एवढं बोलून त्या परत चुलीपुढं जाऊन बसल्या. माझ्या नवऱ्यानं त्या घरात जन्म काढला होता. आईला बहिणी होत्या, हे त्यालाही तेव्हाच कळलं.

मामा परसातून आले ते कुणाशी न बोलता आतल्या खोलीत गेले. सकाळी लवकर बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन आले. मला म्हणाले, "पोराला घे. चल." टोचायला की अडवायला, ते सांगितलं नाही. मी बाळाला छातीशी धरलं आणि मनाशी ठरवलं, हा माणूस नको म्हणाला तर ह्याच्यासमोर टोचून घ्यायचं, पुढं घरात घेतलं नाही तरी चालेल.

कोपऱ्यावर टेबल लागलं होतं. आमच्या लोकांची पुष्कळ घरं आली होती, काही आधीचं टोचलेलं पिकलं की नाही ते दाखवायला, काही राहिलेली पोरं घेऊन. मामा टेबलाकडं गेलेच नाहीत. ते रांगेसमोर उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "मी तुमाला या म्हटलं तवा ह्यात काय हाय ते मला म्हाईत नव्हतं. आता कळलंय. कळल्यावर न सांगणं म्हंजे चोरी." आणि त्यांनी सगळं सांगितलं. रेडकू, केस, ओरखडे, फोड. मारतात की नाही ते आपल्याला कळलेलं नाही, तेही सांगितलं.

रांगेत एकदम गलका झाला. एका म्हाताऱ्यांनी दंडावरचा फोड धोतराच्या सोग्यानं पुसायला सुरुवात केली. एक बाई रडायलाच लागली. टोचणाऱ्या बाई तर खवळल्याच. "अहो, तुम्हाला काही कळतं का? पोरं मरतील! हे आजच सांगायचं होतं?"

"माल आतून दावल्याबिगर मी कंदी इकला न्हाय, बाई," मामा म्हणाले. मग माझ्याकडं वळले आणि हात पुढं केले. मी बाळाला देईना. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "दे, पोरी." त्या आवाजात काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण मी दिलं.

त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, झबल्याची बाही वर केली आणि तो एवढासा दंड बाईंसमोर धरला. "टोचा," ते म्हणाले. आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्येचं पाप मला. पोराला न्हाय."

बाळानं टाहो फोडला. बाईंचा हात सराईत होता, तरी त्यांचे डोळे भरले होते. मी तिथंच रस्त्यावर बसले. सगळ्यांसमोर रडले.

त्यानंतर रांग निम्मी राहिली. जे थांबले ते जाणून थांबले, जे गेले ते जाणून गेले. एका घरानं तर आमच्याशी बोलणंच टाकलं. त्यांच्याकडं कुणी टोचून घेतलं नाही आणि त्यांना काही झालंही नाही. ते पुढं बरीच वर्षं आम्हाला हे ऐकवत राहिले.

बाळाला दणदणीत ताप भरला, दंड सुजून टम्म झाला. आधी मी तो ताप लशीचा आहे अशी आशा करत होते, मग तो देवीचा असेल या भीतीनं दर घडीला त्याच्या अंगावर पुरळ शोधत होते. पुरळ आलं नाही. ताप उतरला. ती पाळणा हलवणारी पोर मात्र त्याच दिवसांत गेली. तिच्या आईचा तो आवाज आडावरून आमच्या स्वयंपाकघरात आला आणि मी बाळाचे कान झाकले, जणू त्याला कळणार होतं.

टोचल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी कट्ट्यावरचा गवळी घरी आला. "मालक दोन दिस आलं न्हाईत. आजारी हायत काय?"

मामा दारात गेले. मी आतून ऐकत होते. "मी आता येत न्हाय. माझ्या वाट्याचा पेला काढू नको. तेवढं दूध कासंतच ऱ्हाऊ दे आन् रेडकाला सोड."

गवळी हसला. "मालक, रेडकू रोज पितंयच की."

"मग जास्त पिऊ दे," मामा म्हणाले आणि आत आले. तेव्हाही मला वाटलं, दोन-चार दिवसांचं प्रायश्चित्त असेल. आमच्यात लोक असे नियम धरतात आणि सोडतात. पण मामांनी दुधापाठोपाठ दही सोडलं, ताक सोडलं, तूप सोडलं, चहासुद्धा सोडला. कट्ट्यावर गाळायला नेत तो फडका धुऊन, घडी करून मला दिला आणि म्हणाले, "बाळाला दुपट्याखाली घाल."

पुरणपोळी केली की मी त्यांच्या पानात ती कोरडीच वाढायची. तो तालमीतला देह बघता बघता वाळला, सदरे अंगावर लोंबायला लागले. ते कुणाला काही सांगत नसत आणि आम्हाला दूध पिऊ नका असंही कधी म्हणाले नाहीत. मला मात्र फार राग यायचा. माझं पोर जिवंत आहे याची किंमत हा माणूस रोज माझ्या डोळ्यांदेखत चुकती करत होता आणि मला त्यात साधा हातभारही लावू देत नव्हता. एकदा मी म्हणालेही, "मामा, मीपण सोडतो." तर म्हणाले, "तू आई हाईस. तुझं काय न्हाय ह्यात."

पुढं काही वर्षांनी रेडिओवर बातमी आली. देवी साऱ्या जगातून गेल्या, आता टोचायचीही गरज नाही. माझा मुलगा तेव्हा शाळेत जात होता. मला इतका आनंद झाला की मी दूध आटवलं, वेलदोडा घातला, आणि पेला भरून मामांच्या समोर नेऊन ठेवला. आत्तीही दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, संपलं आता सगळं," मी म्हणाले. "देवी गेल्या. लसपण बंद हुणार. आता तरी घ्या."

त्यांनी पेल्याकडं बघितलं. वास घेतला, हे मला दिसलं. मग माझ्याकडं बघून अगदी साधेपणानं, काहीतरी राहून गेलेलं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "रेडकू परत आलं व्हय?"

आत्तींनी तोंड फिरवलं. मामांनी पेला उचलून माझ्या मुलाच्या हातात दिला. तो नुकताच खेळून आला होता, त्यानं काही न विचारता पेला तोंडाला लावला. पिताना त्याची बाही वर सरकली आणि दंडावरचा तो गोल वण दिसला. पेला रिकामा होईपर्यंत मामा त्या वणाकडं बघत बसले होते.